मदत हवी आहे: रस्त्याकडेच्या स्वच्छतेचा गट टिकवायचा कसा?

नमस्कार मंडळी. आम्ही १४ जण मिळून महिन्यातून एकदा रस्त्याकडेचा कचरा उचलतो. पहिल्या दिवशी गवतात रुतलेल्या बाटल्या, फुटक्या काचा अन् सिगारेटची थोटकं निघाली. थोटकांनी सगळ्यात जास्त वेळ खाल्ला. बोटांनी एकेक वेचावी लागतात आणि त्यांचा फिल्टर प्लास्टिकचाच असतो, म्हणून ती सोडवतही नाहीत.

आता उत्साह ओसरतोय. गेल्या वेळी पाचच जण आले, फार वाईट वाटलं.

अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये १९८५ साली ‘अ‍ॅडॉप्ट अ हायवे’ सुरू झालं. तिथे गट साधारण दोन मैलांचा पट्टा दत्तक घेतो, वर्षातून चारदा साफ करतो आणि गटाच्या नावाची पाटी लागते. मला हे पटतं, कारण पट्टा आपला वाटायला लागतो. आम्हीही महिन्याऐवजी तीन महिन्यांनी जावं का? पाटीने लोक खरंच टिकतात का?

दुसरं, सुरक्षितता. चमकणारी जॅकेटं, जाड हातमोजे आहेत, वाहनांकडे तोंड करूनच चालतो. पण सुया सापडल्या तर काय करता? मुलांना कितव्या वर्षापासून घेता? ज्यांनी असा गट चालवलाय त्यांनी कृपया सविस्तर सांगा.