यूट्यूब व्हिडिओ निवडून दाखवते, मग त्या निवडीची जबाबदारी कोणाची?

गोदाकाठ (गंगापूर रोड, नाशिक)

चर्चेसाठी माझा प्रस्ताव असा आहे: कोणीतरी चढवलेला व्हिडिओ नुसता साठवून ठेवल्याबद्दल यूट्यूबला दोषी धरू नये, परंतु जो व्हिडिओ ही कंपनी न मागता प्रेक्षकापुढे आणते, त्याच्या परिणामांना तिने उत्तरदायी असले पाहिजे.

पेपालमधून बाहेर पडलेल्या चॅड हर्ली, स्टीव्ह चेन आणि जावेद करीम या तिघांनी फेब्रुवारी २००५ मध्ये ही कंपनी सुरू केली. त्याच वर्षी २३ एप्रिलला करीम यांचा, सॅन दिएगोच्या प्राणिसंग्रहालयात हत्तींसमोर उभे राहून केलेला १९ सेकंदांचा व्हिडिओ तिच्यावर सर्वप्रथम चढला. ऑक्टोबर २००६ मध्ये गूगलने १.६५ अब्ज डॉलरच्या समभागांच्या बदल्यात ती विकत घेण्याचे जाहीर केले, तेव्हा हा सौदा अंगाशी येईल असे म्हणणारे पुष्कळ होते. २०२४ मध्ये यूट्यूबचे केवळ जाहिरातींचे उत्पन्न ३६ अब्ज डॉलरच्या पुढे गेले. या भरभराटीबद्दल माझी तक्रार नाही.

माझी तक्रार आहे ती जाहिरातदारापुढे एक आणि कायद्यापुढे दुसरे बोलण्याच्या तिच्या सवयीबद्दल. पालकांच्या संमतीवाचून लहान मुलांची माहिती गोळा केल्याच्या आरोपावरून गूगल आणि यूट्यूबने सप्टेंबर २०१९ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनशी आणि न्यूयॉर्क राज्याशी तडजोड करून १७ कोटी डॉलर भरले. त्या तक्रारीतील तपशील मुळातून वाचण्यासारखा आहे. मॅटेल आणि हॅस्ब्रो या खेळणी बनवणाऱ्या कंपन्यांना, मुलांपर्यंत पोहोचायचे तर यूट्यूबच आघाडीवर आहे असे पटवले जात होते. आणि त्याच सुमारास एका जाहिरात कंपनीला मात्र, आमच्याकडे तेरा वर्षांखालचा प्रेक्षकच नसल्यामुळे मुलांविषयीचा कायदा आम्हाला लागू होत नाही, असे सांगितले जात होते.

शिफारशींच्या बाबतीतही हेच चालले आहे. २०१२ पासून कंपनीने किती वेळा पाहिले यापेक्षा किती वेळ पाहिले याला महत्त्व देण्यास आरंभ केला, आणि २०१८ मध्ये तिच्याच अधिकाऱ्याने जाहीरपणे सांगितले की प्रेक्षक जितका वेळ पाहतो, त्यातील ७० टक्क्यांहून अधिक वेळ यंत्राने सुचवलेल्या व्हिडिओंवर जातो. आपल्याकडील माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ७९ मध्यस्थाला, म्हणजे इतरांचा मजकूर नुसता पोहोचवणाऱ्याला, संरक्षण देताना, मजकूर त्याने निवडलेला नसावा आणि तो कोणाकडे जावा हेही त्याने ठरवलेले नसावे, अशी अपेक्षा बाळगते. दोन्ही गोष्टी रात्रंदिवस करणाऱ्या कंपनीला 'नुसता मध्यस्थ' म्हणणे मला पटत नाही.

मालेगावकर

प्रस्ताव नेमका आहे, तरीही माझा त्याला स्पष्ट विरोध आहे.

आमच्या मालेगावात आठवडाभर यंत्रमाग चालवून शुक्रवारच्या सुटीला व्हिडिओ पार्लरमध्ये गर्दी करणारा प्रेक्षक होता, आणि त्याच गर्दीतून, गाजलेल्या हिंदी चित्रपटांची विडंबने उसनवारीच्या कॅमेऱ्यावर चित्रित करणारी माणसे उभी राहिली. त्यांना मुंबईचा वितरक विचारत नव्हता आणि दूरचित्रवाहिन्यांच्या तर ती खिजगणतीतही नव्हती. पार्लरांचे दिवस संपले, तेव्हा या हुनराला यूट्यूबने जागा दिली. बागलाण-कळवणकडच्या अहिराणी गाण्यांचेही तेच झाले; ज्या बोलीला आकाशवाणीवर आठवड्यातून थोडासा वेळ मिळाला तरी कौतुक वाटे, त्या बोलीतील गाणी आज सुरतेत आणि पुण्यात कामाला गेलेली आपली मुले ऐकतात. ही गाणी त्यांना सापडली कशी, हा खरा प्रश्न आहे. ज्याचे नाव कोणी ऐकलेले नाही, त्याला कोणी शोधायला जात नाही. तो शिफारशीनेच सापडतो.

आता गोदाकाठ यांच्या नियमाने काय होईल ते पाहा. शिफारस केलेल्या प्रत्येक व्हिडिओसाठी कंपनीला न्यायालयात खेचता येणार असेल, तर तिचे वकील एवढेच सांगतील की ज्यांच्यामागे स्वतःचा कायदा विभाग आहे अशाच वाहिन्यांची शिफारस करा. हा माझा कल्पनाविलास नव्हे. मार्च २०१७ मध्ये लंडनच्या 'द टाइम्स'ने नामांकित कंपन्यांच्या जाहिराती अतिरेकी प्रचाराच्या व्हिडिओंशेजारी दिसत असल्याचे उघड केले, मोठमोठ्या जाहिरातदारांनी हात आखडता घेतला, आणि जानेवारी २०१८ मध्ये कंपनीने जाहिरातीच्या उत्पन्नासाठी १,००० सदस्य आणि वर्षभरात ४,००० तासांचे प्रेक्षण अशी अट घातली. तिचा फटका बसलेल्यांपैकी बहुतेकांची वर्षाची कमाई १०० डॉलरच्या आत होती, असे खुद्द कंपनीनेच सांगितले होते. अतिरेक्यांच्या व्हिडिओंचा दंड कोणी भरला, हे यावरून कळावे.

व्हायाकॉम या माध्यमसमूहाने मार्च २००७ मध्ये गूगल आणि यूट्यूबकडे स्वामित्वहक्काच्या उल्लंघनासाठी १ अब्ज डॉलरहून अधिक भरपाई मागितली, तेव्हाही हाच प्रश्न होता. सात वर्षे रखडून मार्च २०१४ मध्ये ते प्रकरण तडजोडीने मिटले. (त्या खटल्यात यूट्यूबने असा आरोप केला होता की व्हायाकॉमनेच प्रसिद्धीसाठी आपल्या कार्यक्रमांचे तुकडे माणसे लावून गुपचूप चढवले. वादीचे हात इतके स्वच्छ असावेत!) तेव्हा व्हायाकॉमची मागणी पूर्णपणे मान्य झाली असती, तर हौशी माणसाचा व्हिडिओ स्वीकारण्याचे धाडस पुढे कोणत्याही कंपनीने केले नसते.

निफाडची बाग

मालेगावकरांचा विनोद फसला तर फार तर कोणी हसत नाही. आमच्याकडे फसलेला सल्ला थेट द्राक्षाच्या घडावर फवारला जातो.

ऑक्टोबर छाटणीनंतर आभाळ आले की डाऊनीच्या, म्हणजे केवडा रोगाच्या, धास्तीने शेतकरी रात्री मोबाइल हातात घेऊन बसतो. त्याने एक व्हिडिओ पाहिला की त्याच रांगेतले आणखी दहा पुढे येतात. परवाच पाहिलेल्या एका व्हिडिओचे शीर्षक होते 'एकाच फवारणीत डाऊनी साफ'. बोलणाऱ्याच्या हातातील बाटलीवरचा 'जैविक' हा शब्द ठळक दिसत होता. घटक आणि त्यांचे प्रमाण जिथे छापलेले असते, तिथे मात्र त्याचा अंगठा होता. खाली कोणीतरी विचारले होते, 'दादा, २०० लिटरला डोस किती?' आणि उत्तर होते, 'व्हॉट्सअ‍ॅप करा.' ही कृषिविस्ताराची सेवा नव्हे, ही विक्री आहे, आणि तिच्यासाठी गिऱ्हाईक गोळा करून देण्याचे काम कंपनीचे यंत्र करते.

युरोपला जाणाऱ्या द्राक्षाच्या बागेची नोंद ग्रेपनेट या सरकारी संगणक प्रणालीवर असते, कोणती औषधे चालतात ते निर्यातीच्या नियमांच्या अनेक्स्चर ५ मध्ये (परिशिष्टात) छापलेले असते, आणि प्रत्येक औषधाचा पीएचआय, म्हणजे शेवटची फवारणी आणि काढणी यांत किती दिवस जाऊ द्यायचे, तोही दिलेला असतो. 'जैविक' म्हणून मारलेल्या बाटलीत दुसरेच काही निघाले आणि नमुन्यात अंश सापडला, तर माल नाकारला जातो शेतकऱ्याचा; व्हिडिओवाल्याचा नाही, शिफारस करणाऱ्याचा तर नाहीच.

पूर्वी निदान नापसंतीचा आकडा दिसत असे. नोव्हेंबर २०२१ मध्ये कंपनीने तो लपवला. तेव्हा सहसंस्थापक करीम यांनी आपल्या त्या पहिल्या व्हिडिओखालचे वर्णन बदलून जाहीर निषेध नोंदवला होता. आकडा पाहून बाटली न घेणारे शेतकरी आमच्या गावातही होते.

दिंडोरीकर

मीही द्राक्षवालाच आहे, पण निफाडच्या बंधूंशी पूर्णपणे सहमत होता येत नाही. २०१० मध्ये लिहोसिन या वाढ रोखणाऱ्या औषधाच्या अंशांवरून युरोपने आपले कंटेनर अडवले, तेव्हा शेतकऱ्याच्या हातात स्मार्टफोन नव्हता. क्लोरमेक्वाट क्लोराइड हा त्यातील घटक निर्यातपूर्व तपासणीच्या यादीतच नव्हता, त्यामुळे प्रयोगशाळांचे दाखले हातात असूनही माल अडला. ती चूक कोणत्याही व्हिडिओने केली नव्हती, आणि तिची भरपाई मागताना आमच्या चपला कोणकोणत्या दारांत झिजल्या ते सर्वांना ठाऊक आहे. अधिकृत म्हणजे बिनचूक, असे धरून चालणार असाल तर माझी तयारी नाही.

आणखी एक. कृषी सेवा केंद्राचा दुकानदारही विकण्यासाठीच सल्ला देतो. व्हिडिओत निदान दहा जणांचे ऐकून ताडून पाहता येते.

सातपूर कॉलनी

चुकीचे काय हे ठरवणार कोण, याचे उत्तर कोणीच दिलेले नाही. सिंहस्थ तोंडावर आहे. २००३ च्या सिंहस्थातील चेंगराचेंगरीची आठवण असलेल्या या शहरात घाटावरील गर्दीचा खोटा व्हिडिओ किती नुकसान करू शकतो, हे मला मान्य आहे. परंतु त्याच घाटावरील ढिसाळ व्यवस्थेचा खरा व्हिडिओही 'अफवा' म्हणून उतरवला जाऊ शकतो. जबाबदारीचे ओझे वाढले की कंपनी सरकारी पत्र येताच मान तुकवेल. २०१५ च्या श्रेया सिंघल निकालात सर्वोच्च न्यायालयाने मजकूर उतरवण्यासाठी न्यायालयाचा आदेश किंवा शासनाची अधिसूचना हा निकष घालून दिला, तो यासाठीच की योग्य-अयोग्य काय हे कंपनीने स्वतः ठरवू नये.

गोदाकाठ

सातपूर कॉलनी यांनी व्हिडिओ उतरवण्याबद्दल लिहिले आहे. मी काहीही उतरवायला सांगितलेले नाही. व्हिडिओ राहू द्या, ज्याला हवा तो शोधून पाहील. दर मिनिटाला सुमारे ५०० तासांचे चित्रण चढते, त्यामुळे सर्व तपासणे अशक्य आहे, असे कंपनी सांगते आणि ते खरेही आहे. परंतु त्या ढिगातून नेमका कोणता व्हिडिओ रात्री अकरा वाजता निफाडच्या शेतकऱ्यासमोर ठेवायचा हे ज्या यंत्राला कळते, त्या यंत्राच्या मालकाला त्यात काय आहे हे कळत नाही, हे म्हणणे ऐकून घ्यायला मी तयार नाही.

हा प्रश्न अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढेही गेला होता. २०१५ च्या पॅरिस हल्ल्यातील एका मृत विद्यार्थिनीच्या कुटुंबाने, यूट्यूबच्या शिफारशींनी दहशतवादी संघटनेच्या प्रचाराला हातभार लावला, असा दावा केला होता. मे २०२३ मध्ये 'गोन्झालेझ विरुद्ध गूगल' या प्रकरणात न्यायालयाने कायदेशीर संरक्षणाच्या मुद्द्याला हातच घातला नाही. म्हणजे शिफारस ही कंपनीची स्वतःची कृती आहे की नाही, हे त्या न्यायालयाने ठरवलेलेच नाही.

मालेगावकर

ठरवलेले नाही, कारण ठरवणे अवघड आहे. सुचवण्यासाठी क्रम लावावाच लागतो, आणि शोधून मिळालेल्या उत्तरांनाही क्रम असतोच. तुमची रेषा कागदावर सरळ दिसते. न्यायालयात ती टिकणार नाही.

शिवाय शिफारशी सुधारण्याचा दबाव आला की काय होते, तेही आपण पाहिले आहे. जानेवारी २०१९ मध्ये कंपनीने नियम न मोडणाऱ्या, परंतु दिशाभूल करू शकतील अशा व्हिडिओंच्या शिफारशी कमी करण्याचे जाहीर केले. हेतू चांगलाच होता. पण आपला व्हिडिओ त्या गटात पडला आहे का, हे छोट्या वाहिनीला कसे कळणार? तिचा प्रेक्षक गुपचूप आटतो, आणि ज्याविरुद्ध अपील करावे असा निर्णयच तिच्या हाती येत नाही.

जुने नाशिक

थोडे विषयांतर होईल, पण नाशिककरांना ते खपावे. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांनी मुंबईच्या भांडवलदारांना भागीदार करून १९१८ मध्ये याच शहरात हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी काढली, आणि अल्पावधीतच खर्चावरून आणि कारभारातील ढवळाढवळीवरून खटके उडून ते तिच्यातून बाहेर पडले. कलावंत आणि पैसा लावणारा यांतील ओढाताण त्यामुळे नवी नाही. फरक इतकाच की फाळक्यांना भांडायला भागीदार समोर दिसत होते, करार होता, आणि पुढे त्यांना परत बोलावणारीही माणसेच होती. यूट्यूब लांब व्हिडिओंच्या जाहिरात उत्पन्नाचा ५५ टक्के वाटा वाहिनीला देते आणि ४५ टक्के स्वतःकडे ठेवते. एवढी मोठी वाटेकरी असलेली कंपनी भांडणाच्या वेळी मात्र त्रयस्थ होते, हे मला गोदाकाठ यांच्या बाजूचे सर्वांत वजनदार कारण वाटते. त्यांनी ते मांडलेच नाही, याचे आश्चर्य वाटले.

निफाडची बाग

दिंडोरीकरांचे २०१० चे म्हणणे मी नाकारत नाही. आमचाही माल तेव्हा अडकला होता. परंतु त्या वेळी जाब विचारायला कार्यालये तरी होती.

मी तोडग्यापुरते सुचवतो. करोनाच्या काळात त्या विषयावरील व्हिडिओंखाली आरोग्य खात्याच्या माहितीकडे नेणारी पट्टी यूट्यूब दाखवत असे. तशीच पट्टी पीकसंरक्षणाच्या व्हिडिओंखाली द्यावी, तीत त्या पिकासाठी नोंदणीकृत औषधांची यादी आणि पीएचआय मराठीत असावा, आणि जो व्हिडिओ औषधाचा घटक सांगत नाही, त्याची शिफारस व जाहिरात दोन्ही थांबवावीत.

मालेगावकर

पट्टीला माझी हरकत नाही, कारण तिच्यामुळे कोणाचे तोंड बंद होत नाही. घटक न सांगणाऱ्या औषधविक्रीच्या व्हिडिओपुरती शिफारस थांबवण्यासही मी मान्यता देईन, परंतु अट अशी की कारण लेखी कळवावे आणि त्यावर दाद मागता यावी. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी तक्रार निवारण अधिकारी नेमणे बंधनकारक केले आहे आणि २०२३ पासून अपील समित्याही आहेत. हा विषय त्यांच्या कक्षेत आणावा. त्यापलीकडे, सर्वच शिफारशींसाठी नुकसानभरपाईचे दायित्व, याला माझा विरोध कायम आहे.

गोदाकाठ

पट्टी जरूर असावी. पण पट्टीने वाचण्याचे काम पुन्हा शेतकऱ्यावरच येते, आणि ती लावून झाल्यावर 'आम्ही सावध केले होते' हे वाक्य कंपनीला फुकट मिळते. तो व्हिडिओ दाखवून मिळालेल्या ४५ टक्क्यांचे काय, हे मालेगावकरांनी अजून सांगितलेले नाही.

मालेगावकर

तेवढे परत घ्या. घटक लपवणाऱ्या व्हिडिओवर मिळालेले पैसे वाहिनी आणि कंपनी या दोघांकडूनही काढून घेण्यास माझी ना नाही. दायित्वाचा कायदा मात्र त्यासाठी लागत नाही.