प्रति: संत थॉमसचा सण दोन तारखांना कसा?

वर विचारलंय की जुन्या मिस्सा-पुस्तकात (कॅथोलिक उपासनेच्या पुस्तकात) येशूचा शिष्य संत थॉमस याचा सण २१ डिसेंबरला आणि चर्चच्या कॅलेंडरवर ३ जुलैला, मग छपाईची चूक की काय? चूक नाही, दोन्ही बरोबर. कॅथोलिक चर्चच्या १९६९ च्या सुधारणेत रोमन कॅलेंडरमधल्या (म्हणजे चर्चच्या सणांच्या यादीतल्या) बऱ्याच तारखा हलल्या. १७ ते २४ डिसेंबर हे दिवस नाताळच्या तयारीसाठी मोकळे हवे होते, म्हणून थॉमस जुलैत गेला. ३ जुलै ही तारीखही हवेतून आणलेली नाही. त्याचे अवशेष एडेसाला (आजच्या तुर्कस्तानातलं जुनं शहर) नेल्याची आठवण त्या दिवशी करतात, आणि केरळातले सिरो-मलबार पंथाचे कॅथोलिक लोक हाच दिवस दुक्राना म्हणून पाळतात.

तीच गत बेनेडिक्टाइन मठवाल्यांचा मूळपुरुष संत बेनेडिक्टची. २१ मार्च हा त्याचा मृत्युदिन ईस्टरआधीच्या उपवासकाळात येतो, म्हणून सण ११ जुलैला. बेनेडिक्टाइन मठांत मात्र मार्चची तारीख अजून पाळतात (मठवाले सहजासहजी ऐकत नाहीत!). सुधारणेआधीच्या १९६२ च्या मिस्सा-पुस्तकावर लॅटिन मिस्सा करणारे अर्थातच सगळ्या जुन्या तारखा धरतात. संत फ्रान्सिस झेवियरचा ३ डिसेंबर तेवढा दोन्हीकडे सारखाच, त्यामुळे गोव्याच्या फेस्ताला धक्का नाही.