दरवर्षीचा एक टक्का: सल्लागाराची फी वसूल होते का?

हिशेबी

अकरा वर्षं आम्ही दोघं एका आर्थिक सल्लागाराला एकूण गुंतवणुकीच्या 1 टक्का फी दरवर्षी देत होतो. गेल्या महिन्यात थांबवलं. माणूस सज्जन होता, फोन उचलायचा, फसवणूक कधी केली नाही. एका सुट्टीच्या दिवशी कागद-पेन्सिल घेऊन बसलो आणि डोळे उघडले, इतकंच.

100 गुंतवले आणि वर्षाला 10 टक्के वाढ मिळाली, तर 30 वर्षांनी साधारण 1745 होतात. फीपायी तीच वाढ 9 टक्क्यांवर आली, तर 1327. शेवटी हातात येणाऱ्या रकमेचा जवळजवळ चौथा हिस्सा गेला. त्यात महागाई 6 टक्के धरली तर खरी वाढ उरते 4 टक्के. त्यातला 1 म्हणजे पाव वाटा. पैसा माझा, जोखीम माझी, आणि बाजार पडला त्या वर्षीही फी चुकत नाही.

शिवाय रक्कम दुप्पट झाली की फीही दुप्पट. काम दुप्पट होतं का? आमची वार्षिक बैठक पहिल्या वर्षी तासाभराची होती, अकराव्या वर्षीही तेवढीच.

अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ विल्यम शार्प यांनी 1991 साली दाखवून दिलं की शेअर निवडून बाजारावर मात करू पाहणाऱ्या सगळ्यांची सरासरी, खर्च वजा जाता, बाजाराच्या खालीच राहते. ते निव्वळ अंकगणित आहे. मग आपण सल्लागाराकडून नक्की काय विकत घेतो?

माझं मत: अडेल तेव्हा ठरावीक रक्कम मोजून सल्ला घ्यावा, टक्केवारी देऊ नये. विरोधी मत असेल तर मनापासून ऐकायचं आहे.

थांबलेली

गणित बरोबर आहे. पण तुमच्या त्या 1745 मध्ये एक गोष्ट गृहीत धरली आहे: माणूस 30 वर्षं एकदाही चूक करत नाही.

2020 सालचं सांगते. 19 फेब्रुवारी ते 23 मार्च या काळात अमेरिकेचा एस अँड पी 500, म्हणजे तिथल्या मोठ्या कंपन्यांच्या शेअरचा निर्देशांक, साधारण 34 टक्के पडला. माझे पैसे तसल्याच फंडात होते. 20 मार्चला, शुक्रवारी, सगळं विकून टाकायचं ठरवूनच मी सल्लागाराला फोन केला. त्यांनी एकच विचारलं, "हे पैसे कधी लागणार आहेत?" म्हटलं, चौदा वर्षांनी. म्हणाले, "मग आज नको. सोमवारी बोलू." तो सोमवार म्हणजेच 23 मार्च, अगदी तळ. ऑगस्टमध्ये निर्देशांक जुन्या उच्चांकाच्या पुढे गेला होता. त्या दोन वाक्यांची किंमत माझ्यासाठी सगळ्या वर्षांच्या फीपेक्षा जास्त आहे.

हिशेबी

थांबलात ते फार बरं झालं. पण असा दिवस दहा-अकरा वर्षांत एखादा येतो. त्याच्यासाठी दरवर्षी फी भरायची? ताशी पैसे घेणाऱ्या कुणीही तुम्हाला हेच सांगितलं असतं.

थांबलेली

सांगितलं असतं, पण मी ऐकलं नसतं. त्या दिवशी हात थरथरत होते. सहा वर्षांची ओळख होती म्हणून ऐकलं. ती ओळख आयत्या वेळी कुठून आणायची?

पडताळा

'सल्लागार धीर देतो' हे वाक्य सरसकट खरं मानू नका. मुल्लैनाथन, नोएथ आणि शोअर यांनी ग्राहक म्हणून माणसं पाठवून सल्लागारांची परीक्षा घेतली होती. तो शोधनिबंध 2012 चा. कमी खर्चाच्या इंडेक्स फंडात (जो फक्त बाजाराच्या निर्देशांकाची नक्कल करतो) पैसे असलेल्या ग्राहकांनाही अनेकांनी महागड्या फंडांकडे वळवायचा प्रयत्न केला. मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो कॅनडातला अभ्यास, लिन्नाइनमा, मेल्झर आणि प्रेविटेरो यांचा, 2021 मध्ये प्रसिद्ध झालेला. त्यात सल्लागारांच्या स्वतःच्या गुंतवणुकी तपासल्या. तेही वारंवार खरेदी-विक्री करत होते, वर गेलेल्या फंडामागे धावत होते, जास्त खर्चाचे फंड घेत होते. म्हणजे ते लबाडी करत होते असं नाही, त्यांचा स्वतःचाच त्यावर विश्वास होता. प्रामाणिक माणसाची चूक ओळखणं जास्त कठीण, कारण संशयच येत नाही.

दुसरी बाजू

व्हॅनगार्ड या अमेरिकन फंड कंपनीचा अंदाजही पाहा की. चांगल्या सल्ल्याने साधारण 3 टक्क्यांपर्यंत फायदा होऊ शकतो असं ते सांगतात, आणि त्यातला मोठा भाग ग्राहकाला भीती आणि हाव यांपासून आवरण्याचा आहे. 3 मिळवून 1 देणं परवडतंच.

पडताळा

तो फायदा दरवर्षी मिळत नाही, अधूनमधून, बहुतेक घबराटीच्या किंवा तेजीच्या काळात मिळतो, हेही त्यांनीच म्हटलं आहे. फी मात्र दरवर्षी जाते. आणि त्यांचे फंड सल्लागारांमार्फतही विकले जातात, हे लक्षात ठेवून तो आकडा वाचावा.

उशिरा कळलं

टक्केवारीवर वाद चालू आहे, पण 'मी तर काहीच फी देत नाही' म्हणणाऱ्यांचं काय? मी त्यातलाच. पंधरा वर्षं एका ओळखीच्या माणसाचा 'मोफत' सल्ला घेतला. विमा आणि गुंतवणूक एकत्र असलेली पॉलिसी त्याने गळ्यात मारली. मध्येच बंद केली तेव्हा भरलेले पैसेही पूर्ण परत आले नाहीत. त्याचं कमिशन माझ्याच हप्त्यातून जात होतं, पण पावतीवर फी नावाचा रकाना नव्हता म्हणून मी कधी विचारलंच नाही. हिशेबींना निदान 1 टक्का दिसत तरी होता.

ब्रिटनने 2012 च्या अखेरीपासून नव्या गुंतवणूक सल्ल्यावर असं कमिशन बंद केलं. ते मला योग्यच वाटतं. पण त्यानंतर थोडी रक्कम असलेल्यांना सल्लागार मिळणं अवघड झालं, हेही तितकंच खरं.

पंचवीस वर्षं याच कामात

मी स्वतः सल्लागार आहे, म्हणून माझं म्हणणं त्या हिशेबाने घ्या. टक्केवारी मलाही पटत नाही. चार वर्षांपूर्वी मी ताशी फी सुरू केली. झालं काय, लोक फोन करायचे थांबले. मीटर चालू आहे म्हटल्यावर माणूस छोटा प्रश्न मनातच ठेवतो, आणि मोठ्या चुका छोट्या प्रश्नातूनच सुरू होतात. एकाने नोकरी सोडताना मला विचारलं नाही. कंपनीचा विमा त्याच दिवशी संपला हे त्याला आजारपणात कळलं. आता मी वर्षाची ठरावीक फी घेतो, फोन कितीही करा.

आणखी एक. माझा निम्म्याहून जास्त वेळ गुंतवणुकीत जातच नाही. नॉमिनी, मृत्युपत्र, विसरलेली खाती, भावाला जामीन राहू का, यात जातो. यातलं काहीच 1745 आणि 1327 च्या फरकात दिसत नाही.

मागे राहिलेली

याला माझा दुजोरा. माझे यजमान हिशेबाला अतिशय पक्के होते, सगळं स्वतः पाहायचे, सल्लागाराची फी म्हणजे उधळपट्टी असं म्हणायचे. ते अचानक गेले. कुठे काय आहे हे मला ठाऊक नव्हतं. दोन ठिकाणी नॉमिनी म्हणून सासूबाईंचं नाव, आणि त्या आधीच गेलेल्या. शेवटी मी सल्लागार गाठला. त्याला आठ महिने लागले. मी त्याला दिलेल्या पैशाबद्दल मला जराही वाईट वाटत नाही.

हिशेबी, तुम्ही 'आम्ही दोघं' असं लिहिलंय. सल्लागार थांबवला, ठीक. पण सगळं कुठे आहे हे तुमच्या पत्नीला माहीत आहे का?

हिशेबी

ताई, काल रात्री तिला विचारलं. दोन खाती तिला माहीत नव्हती. एकाचा नॉमिनी कोण, हे मलाही आठवेना. रात्री उशिरापर्यंत कागद काढत बसलो होतो.

टक्केवारीकडे मी परत जाणार नाही, ते गणित बदललेलं नाही. पण 'अडेल तेव्हा सल्ला' हे माझं म्हणणं मागे घेतो. कुठे अडलंय हेच मला कळलं नव्हतं. वर्षाची ठरावीक फी घेणारा शोधतोय, आणि बैठकीला आम्ही दोघंही जाणार.

उशिरा कळलं

त्याआधी एक भागाकार करून घ्या. ती ठरावीक फी तुमच्या एकूण रकमेच्या किती टक्के येते ते पाहा. माझी शिल्लक बेताचीच, त्यामुळे मला ती पावणेदोन टक्के पडली. मी अजून ठरवू शकलेलो नाही.