फॅमिली ग्रुप: ताईला कॅरल सर्व्हिसचं आमंत्रण

ताई (लंडन): ऑफिसातल्या सीनियर बाईंनी त्यांच्या गिल्डच्या ख्रिसमस कॅरल सर्व्हिसला (चर्चमधली नाताळची गाणी आणि प्रार्थना) आणि नंतरच्या सपरला बोलावलंय. गुरुवारी, सेंट लॉरेन्स ज्यूरी चर्चमध्ये. सिल्कची साडी चालेल ना?

मावशी: चालेल की, आतून थर्मल घाल. गिल्ड म्हणजे काय गं?

ताई (लंडन): व्यवसायवाल्यांच्या जुन्या संघटना. सोनार, शिंपी, मासळीवाले, लोहार. मालाचा दर्जा, उमेदवारी करणारी पोरं, सभासदांच्या विधवा, सगळं त्याच बघायच्या. गिल्डलाच इथे कंपनी म्हणतात. १५१५ मध्ये ४८ कंपन्यांचा मानाचा क्रम ठरला, तो अजून पाळतात. आता ११० च्या वर आहेत. आयटीवाल्यांचीसुद्धा आहे, १९९२ मध्ये शंभरावी झाली 😄

दादा: म्हणजे आपली तांबट आळी, बुरुड आळी!

ताई (लंडन): अगदी. इथे मिल्क स्ट्रीट, ब्रेड स्ट्रीट, आयर्नमंगर लेन. चर्च तिथून चालत जाण्यासारखं, गिल्डहॉलच्या, म्हणजे इथल्या जुन्या टाउन हॉलच्या, शेजारीच.

अण्णाकाका: ते ठीक. पण प्रार्थनेला कशाला? जेवायला जा फक्त.

वहिनी: अण्णा, चिंटू कॉन्व्हेंटात कॅरल गायचा तेव्हा पहिल्या रांगेत कोण बसायचं?

अण्णाकाका: ते शाळेचं होतं.

ताई (लंडन): काका, नुसतं जेवणाला टपकणं बरं दिसत नाही हो. बायबलमधली नऊ छोटी वाचनं असतात आणि मधेमधे गाणी. ही पद्धत १८८० साली ट्रूरो गावातली. कॅथेड्रल बांधून व्हायचं होतं, म्हणून तात्पुरत्या लाकडी चर्चमध्ये नाताळच्या आदल्या दिवशी झाली. १९१८ मध्ये केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजने उचलली, १९२८ मध्ये बीबीसीने रेडिओवर लावली आणि मग ती सगळीकडे पसरली. गिल्डच्या कार्यक्रमात वाचायला मास्टर, वॉर्डन असे पदाधिकारी उभे राहतात. गाणी सगळ्यांनी म्हणायची. मी म्हणणार, मला चाली आवडतात.

दादा: या लोकांच्यात एकाच चांदीच्या पेल्यातून सगळे पितात म्हणे. एक जण पितो, दुसरा झाकण धरतो, तिसरा पाठीला पाठ लावून पहारा देतो. ९७८ मध्ये एडवर्ड राजाला पिता पिता भोसकलं होतं, त्यावरून.

मावशी: शी! सगळ्यांचं उष्टं?

ताई (लंडन): प्रत्येक जण कड पुसून पुढे देतो गं. आणि तो लव्हिंग कप मोठ्या मेजवान्यांना. इथे साधा बफे आहे.

मावशी: व्हेज कळवलंस का?

ताई (लंडन): कळवलंय. खरी मेख मिन्स पायमध्ये. आत मनुका, बेदाणे, मसाला, पण जुन्या पद्धतीत सुएट म्हणजे गाईगुरांची चरबी घालतात. आता वनस्पतीचं सुएटही मिळतं, म्हणून विचारूनच खाणार. ख्रिसमस पुडिंगचंही तेच.

मावशी: विचारूनही खाऊ नकोस. चिवडा खाऊन जा.

वहिनी: संत लॉरेन्सला जाळीवर भाजून मारलं ना? स्वयंपाक्यांचा संत आहे तो. कमाल आहे बाई!

ताई (लंडन): हो, म्हणून कळसावरचं वातकुक्कुट कोंबड्याऐवजी भाजायच्या जाळीचं आहे. १६६६ च्या आगीत चर्च गेलं, वास्तुविशारद रेनने बांधलं, १९४० मध्ये बॉम्बने परत जळलं. आत्ताचं ५७ सालचं.

अण्णाकाका: गाण्यांचं रेकॉर्डिंग टाक इथे.

ताई (लंडन): सर्व्हिसमध्ये फोन बंद, काका. पण किंग्ज कॉलेजचं २४ ला रेडिओवर लाइव्ह असतं. इथे दुपारी ३, तुमच्याकडे रात्री साडेआठ.

अण्णाकाका: बरं. लिंक टाकून ठेव.