घावन चिकटतं म्हणून बिडं भंगारात?

बिडंवाली, फोंडा
काल इथे एकाने लिहिलं, "घावनं, पोळे चिकटत असतील तर बिडाचा तवा भंगारात द्या आणि नॉनस्टिक आणा, विषय संपला." खाली "अगदी बरोबर" म्हणणाऱ्यांची रांग लागली. विषय संपलेला नाही. हा सल्ला आळशीपणाचा आहे, आणि त्यापायी चांगली बिडी, म्हणजे ओतीव लोखंडाचे तवे, घराबाहेर जातात.

चिकटण्याचं कारण तवा नव्हे, तव्याचा ताव आणि त्यावरचा तेलाचा थर. बिड वरून गुळगुळीत दिसलं तरी त्यात बारीक खाचा असतात. तवा पुरता तापण्याआधी पीठ ओतलं की ते खाचांत उतरतं, आणि मग तापत जाताना तांदळाच्या पिठाची तिथेच खळ होते. ती धरली की उलथनं घालून फक्त चिंध्या निघतात. तवा आधीच तापलेला असेल तर पिठातल्या पाण्याची लगेच वाफ होते, ती पीठ वर उचलून धरते, जाळी पडते आणि खालचा पापुद्रा मुरण्याआधी सुकतो.

म्हणून मध्यम आचेवर ५ ते ७ मिनिटं तवा तापवायचा. भडक आचेवर २ मिनिटांत उरकू नका. बिडात उष्णता सावकाश पसरते, मधे धूर येतो तेव्हा कड अजून कोमट असते, आणि घावन कडेलाच धरतं. पाण्याचा थेंब टाकून बघा: चर्र करून सेकंदभरात उडाला तर ताव बरोबर, नुसता बसून उकळत राहिला तर थांबा. नारळाची शेंडी किंवा अर्धा कांदा तेलात बुडवून तव्यावर फिरवायचा. तेलाचं तळं नको, नुसती चकाकी हवी. पीठ ताकाइतकं पातळ, म्हणजे १ वाटी तांदळाच्या पिठाला पावणेदोन ते २ वाट्या पाणी. दर वेळी तळापासून ढवळून घ्या, पीठ खाली बसतं आणि शेवटची घावनं जाड होऊन चिकटतात. ओतायचं कडेकडून मधे, डावाने पसरायचं नाही. झाकण मिनिटभर. कड आपणहून सुटून वर आली की मगच उलथनं. त्याआधी घातलंत तर दोष तुमचा, बिडाचा नव्हे.

साधा गॅस, मडगाव
तो सल्ला माझा होता, आणि मी तो मागे घेत नाही. ताई, तुम्ही लिहिलंत ते सगळं खरं धरलं तरी मोठं बिडं ३ किलोच्या पुढे जातं. हातात संधिवात असलेल्या बाईने ते रोज ओट्यावरून मोरीत आणि मोरीतून ओट्यावर न्यायचं? त्यात फ्लॅटमधल्या शेगडीचा बारका बर्नर, म्हणजे ७ मिनिटांनीही कड तापत नाही. नॉनस्टिक दीड-दोन मिनिटांत तयार होतो, थेंबभर तेलात पहिलं घावन सुटतं. सकाळी डबे करणाऱ्यांना त्याला आळशीपणा म्हणणं बरं नाही.

उकडे, डिचोली
तव्यावरून भांडण चाललंय, तांदळाचं कोणी नावच घेत नाही. नव्या तांदळाचं पीठ चिकट होतं, जुना तांदूळ पाणी जास्त पितो आणि मोकळा राहतो. भात कापून महिना झाला नाही तोच दळलेल्या पिठाचं घावन कुठल्याही तव्याला धरणार. नवाच तांदूळ असेल तर पाणी थोडं कमी आणि पीठ अर्धा तास भिजत. आंबवलेल्या पोळ्यांना ३ भाग तांदूळ, १ भाग उडीद, चमचाभर मेथी. उडीद वाढवलात तर पोळा लुसलुशीत होतो पण सुटायला वेळ घेतो, मग लोक घाईने खरवडतात. आणि पिठात गूळ किंवा साखर कालवणाऱ्यांनी तव्याला नावं ठेवूच नयेत. साखर तव्यावर वितळते, करपते आणि तीच चिकटवते.

सोनूबाय, म्हापसा
उकडेबाब, साखरेचं बरोबर, म्हणूनच आले बेलेच्या, म्हणजे सारण भरलेल्या मैद्याच्या पोळ्यांच्या, पिठात साखर नको, गोडवा चुणात, म्हणजे सारणात असतो. १ वाटी मैदा, १ अंडं, सव्वा वाटी दूध, चिमूटभर मीठ, गुठळ्या मोडून अर्धा तास ठेवायचं. मैद्याचा ताण सैल होतो आणि पीठ तव्यावर आखडत नाही. इथे बिड्याचा कडक ताव चालत नाही. अंडं आणि दूध लगेच लाल होतात, बाहेर डाग आणि आत कच्चं. मध्यमपेक्षा जरा कमी आच. लोणी लावू नका, त्यातला दुधाचा अंश करपतो आणि दुसरा पोळा त्या काळ्या ठिपक्यांना चिकटतो. तूप चालेल. ओलं खोबरं आणि माडाच्या गुळाचं चूण पोळा ताटात काढल्यावर भरायचं, तव्यावर भरलं की गूळ गळतो. या कामाला मी नॉनस्टिकच्याच बाजूची आहे.

वाडीकर, पेडणे
नॉनस्टिक म्हणजे रोज पोटात विष! जगाने बंदी घातलेलं रसायन आपण पोराबाळांना खायला घालतोय, आणि इथे त्याची भलावण.

साधा गॅस, मडगाव
वाडीकर, दोन वेगळ्या गोष्टी एकत्र करू नका. २०१९ साली घातक रसायनांवरच्या स्टॉकहोम करारात बंदीच्या यादीत गेलं ते पीएफओए, लेप बनवताना वापरायचे ते साहाय्यक रसायन. लेप स्वतः पीटीएफई. तो साधारण २६० अंशांच्या वर बिघडू लागतो, आणखी तापला की त्याचा धूर घातक. घावनाला एवढा ताव लागतच नाही. रिकामा तवा भडक आचेवर ठेवून फोनवर बोलत बसू नये, लोखंडी उलथनं लावू नये, पापुद्रे निघायला लागले की फेकावा.

बिडंवाली, फोंडा
"फेकावा" हे तुम्हीच लिहिलंत. दर दोन-तीन वर्षांनी फेकावा लागणारा तवा, आणि भंगारात मात्र बिडं! खोबरेल तेल लावून पाळलेलं बिडं नातवंडांपर्यंत पोचतं.

निवळ, सांखळी
बिडंवालीताई, तुमचं बाकी सगळं मान्य, खोबरेल तेल नाही. थर बसवायला ते सगळ्यांत कच्चं. बिड्यावरचा काळा थर म्हणजे तापून एकमेकांत गुंतलेलं, सुकलेलं तेल. जे तेल हवेने सुकतं त्याचाच तो होतो. खोबरेलाचं आयोडीन मूल्य ७ ते १०, शेंगदाणा तेलाचं ८५ ते १००, सूर्यफुलाचं १२० च्या आसपास किंवा वर. आकडा जितका मोठा तितकं तेल लवकर गुंततं. खोबरेल तापवलंत की बराचसा भाग चिकट मेणचट राहतो, आणि त्या मेणचटपणालाच घावन धरतं.

बिडंवाली, फोंडा
म्हणजे गोव्यात, कोकणात पिढ्यान्पिढ्या खोबरेलावर घावनं निघाली ती सगळी चिकटली? आकडे वाचून बायकांना शिकवू नका.

निवळ, सांखळी
चिकटली नाहीत, कारण ते बिडं चुलीवरून उतरत नसे. रोजचा ताव, धूर, आणि वर्षानुवर्षांचं थोडं थोडं तेल. खोबरेलाचाही थर बसतो, फार सावकाश. आज आठवड्यातून एकदा काढलेल्या बिड्याकडून तुम्ही ती अपेक्षा धरता, आणि नवी सून दुसऱ्या रविवारी नॉनस्टिक आणते. घावन करताना शेंडीने खोबरेलच फिरवा, चव त्याचीच. थर मात्र शेंगदाणा किंवा सूर्यफूल तेलाचा द्या.

वाडीकर, पेडणे
मग जवसाचं द्या ना, इंटरनेटवर सगळे तेच सांगतात.

निवळ, सांखळी
जवसाचं लवकर सुकतं हे खरं, पण थर कडक आणि ठिसूळ होतो. चकचकीत दिसतो आणि काही दिवसांत खपल्या निघतात.

नवं बिडं असेल तर आधी पेजेची निवळ भरून दोन-तीन दिवस ठेवा, रोज बदला, काळपट पाणी निघायचं थांबलं की घासून धुवा. मग आचेवर पूर्ण कोरडं करा, उबदार असतानाच चमचाभर तेल चोळा आणि कोरड्या फडक्याने पुसून टाका, जणू लावलंच नव्हतं इतकं. सगळे इथेच चुकतात. जाड तेल सुकत नाही, थेंब थेंब होऊन चिकटतं. धूर येईतो तापवा, बंद करून निवू द्या. असे चार-पाच थर. त्याच बिड्यावर कोरड्या चपात्या भाजू नका, कोरड्या तावाने थर जळतो. चिंच-कोकमाचं आंबट काही शिजवू नका, आंबटाने तो सुटतो.

उकडे, डिचोली
आणि साबण? बिड्याला साबण लावला की माणसं अंगावर येतात.

निवळ, सांखळी
थेंबभर साबणाने बसलेला थर जात नाही. जातो तो तारेच्या घासणीने आणि रात्रभर मोरीत भिजत ठेवल्याने. जून ते सप्टेंबर आपल्याकडची हवा अशी की नुसत्या फडक्याने पुसलेलं बिडं सकाळी तांबूस दिसतं. धुतल्यावर लगेच २ मिनिटं आचेवर, मग तेलाचा हात.

बिडंवाली, फोंडा
शेंगदाण्याचं ठीक आहे, थरापुरतं. घावनाला खोबरेलच.

साधा गॅस, मडगाव
एवढे सोपस्कार वाचूनही मनगटाचं उत्तर मिळालेलं नाही.

बिडंवाली, फोंडा
उत्तर आहे. ९ इंची घ्या, दोन कानांचं. शेगडीवरच राहू द्या, उचलू नका, तिथेच कोमट असताना ओल्या फडक्याने पुसा. बारक्या बर्नरवर तेवढंच बिडं कडेपर्यंत तापतं. आणि आळशीपणा हा शब्द ज्यांची मनगटं दुखतात त्यांना लागू नाही, तो मी मागे घेते.

साधा गॅस, मडगाव
९ इंची चालेल. पण घावन लहान होणार, चार माणसांना दुप्पट वेळ उभं राहावं लागणार, हेही लिहा. भंगाराचं माझं वाक्य काढतो. ज्यांना बिडं नको त्यांनी ते ज्याला हवं त्याला द्यावं. आमच्याकडे नॉनस्टिकच राहील.