पोलिसांच्या जुन्या ग्लॉक २२ पिस्तुलाचा चाप इतका जड का?

ह्यूस्टनकर: खात्यातून निघालेलं ग्लॉक २२ घेतलं. होल्स्टरने स्लाइडच्या (वरच्या सरकत्या भागाच्या) कडा घासल्यात, आतून मात्र कोरं. पण चाप ओढताना बोट दुखतं. मित्राच्या ग्लॉकचा असा नाही.

डॅलसचे काका: आधी मॅगझिन काढा, चेंबर (गोळी बसते ती जागा) रिकामं आहे का ते डोळ्याने बघा, बोटानेही चाचपा. मग ट्रिगर हाउसिंग, म्हणजे चापाचे भाग बसतात ते घर, बघा. ‘एस’सारखी तारेची स्प्रिंग म्हणजे नेहमीची. प्लॅस्टिकचा ठोकळा असेल तर चाप मुद्दाम जड करणारी ‘न्यूयॉर्क’ स्प्रिंग! हिरवट ती एनवाय-१, चाप ओढायला साधारण ८ पाउंड जोर. नारिंगी आणखी जड.

ह्यूस्टनकर: काका, हिरवटच निघाली!

डॅलसचे काका: मग साधी मागवा, काही डॉलरचं काम. फक्त उलटी अडकवू नका. मी अडकवली होती, तासभर डोकं खाजवत बसलो.