मेढ्याच्या घरच्या ग्रुपवर: लाकूड फोडायचं मशीन

वहिनी (मेढा), सकाळी ७:१२
यंदा लाकडं फोडायला माणूस नाही. मागच्या वर्षीचे दोघंही पुण्याला कंपनीत लागले. परसातली चिंच मागच्या वर्षी वळवात पडली ती अजून तशीच आडवी, वर सुबाभळीचा ढीग. आगोटीच्या आत फोडून शेडमध्ये रचलं नाही तर कासच्या सीझनला पाहुण्यांचा बंब कशावर पेटवू? सोलरला भाद्रपदात ऊनच दिसत नाही.

नाना, ७:१५
मी फोडतो की. कुऱ्हाड हाय.

वहिनी, ७:१६
मागच्या आठवड्यात कंबर धरून कोण बसलं होतं?

बंटी (पुणे), ७:४०
हे बघा, हायड्रॉलिक लॉग स्प्लिटर! ३० टन! व्हिडिओत ओंडका लोण्यासारखा फाटतोय. आजचा दिवसच ऑफर आहे.

दादा (कऱ्हाड), ८:०५
व्हिडिओतलं लाकूड पाईनचं आहे, सरळ धाग्याचं. ते नानापण एका घावात फोडतील. आपली चिंच बघ. मटणाच्या दुकानातला ठोकळा कशाचा असतो? वर्षानुवर्षं सत्तूर खाऊन फुटत नाही.
आणि ३० टनाचं गणित मला जमेना. सिलेंडर किती इंची लिहिलाय?

बंटी, ८:०९
४ इंची.

दादा, ८:२०
मग ऐक. बोअर, म्हणजे सिलेंडरचा आतला व्यास, ४ इंची असेल तर आतलं क्षेत्रफळ ८१ चौरस सेंमी. पंप दर चौरस सेंमीला २०० किलोचं प्रेशर देतो असं धर. ८१ गुणिले २०० म्हणजे १६ टन आणि थोडं. ३० टन हवे तर प्रेशर ३७० च्या घरात न्यावं लागेल. या साध्या गिअर पंपातून ते निघत नाही. कारखान्यात रोज हेच बघतो. टन विचारू नका, बोअर आणि प्रेशर विचारा, बाकी स्टिकर कुणीही चिकटवतो.

आत्या (वाई), ८:२६
१६ टनात होईल का आपलं काम?

दादा, ८:३१
सुबाभळीला पुष्कळ झालं. चिंचेच्या फांद्यापण जातील. बुंध्याचं सांगवत नाही.

नाना, ८:३३
चिंच ओली हुती तवाच फोडायची. आता वाळून लोखंड झाली. गाठीत पाचर घालायची न्हाय, कडंकडंनं सोलत यायचं.

दादा, ८:३५
नाना बरोबर बोलले. मशीनवरपण तसंच करायचं असतं.

तात्या, ९:१०
आमच्या ट्रॅक्टरच्या पीटीओला, म्हणजे मागच्या फिरत्या दांड्याला, लावायचा स्क्रूचा कोन येतो. तो घ्या की, स्वस्तात पडतो. ओंडका नुसता टेकवला की आत शिरतो अन् दोन फाका.

दादा, ९:१२
तो अजिबात नको तात्या. उघडा फिरतो, ओंडका अडकला की ओंडकाच गरगरतो. वहिनी साडीत काम करतात. पदर गेला तर क्लच दाबेपर्यंत काय होईल?

वहिनी, ९:१४
आणि दर वेळी ट्रॅक्टरसाठी तात्यांची वाट कोण बघणार? मला पहाटे बटण दाबलं की चालू होणारं पाहिजे.

तात्या, ९:१५
बरं बरं. मग शेतीपंपाची थ्री फेज आहे ना, त्यावर चालवा.

दादा, ९:३०
ती लाईन पाळीनं येते, शिवाय शेतीचं कनेक्शन पाहुण्यांच्या धंद्याला वापरायचं नाही. घरची सिंगल फेजच धरू. म्हणजे ३ एचपीची मोटर. एवढ्यात साधा पंप पूर्ण प्रेशरला मिनिटाला साडेपाच लिटर देईल. सिलेंडरची २० इंची चाल भरायला ४ लिटर तेल. म्हणजे एका फेरीला पाऊण मिनिट, मागे यायचा वेळ वेगळा. वैताग येईल.
म्हणून टू स्टेज पंप मागायचा. लाकडाला भिडेपर्यंत कमी दाबावर रॅम, म्हणजे सिलेंडरचा रेटणारा दांडा, झपकन येतो, दहा-बारा सेकंदांत. लाकूड अडलं की आपोआप हळू होऊन पूर्ण जोर लावतो.
संध्याकाळी व्होल्टेज पडतं तेव्हा चालवायचं नाही. मोटर नुसती गुंगुं करेल आणि वाइंडिंग जळेल.

वहिनी, ९:४१
एक कुणी विचारलंच नाही. बंबाच्या नळीत मनगटाएवढंच लाकूड जातं, वीतभर लांब. ओंडक्याचे दोन तुकडे होऊन माझं काय भागणार?

दादा, ९:४४
हे मात्र माझ्या डोक्यात नव्हतं. चौफुली पाचर मिळते, एका दाबात चार तुकडे. पण तिला जोर जास्त लागतो, सुबाभळीपुरती ठीक. आधी चेनसॉनं वीतभराचे कापे पाडून घ्यायचे, मग हलकं जाईल. कापायचं काम माझं, एका रविवारी उरकतो.
आणि दोन हातांचं लिव्हर पाहिजेच. दोन्ही दाबून धरल्याशिवाय रॅम पुढे जाता कामा नये, एक सोडला की थांबला पाहिजे. हात पाचरीकडे जायला मोकळाच राहत नाही.

आत्या, ९:५०
तेल गळालं तर बोटानं चाचपत बसू नका म्हणतात ना?

दादा, ९:५२
होय आत्या. पाइपाच्या बारीक छिद्रातलं तेल सुईसारखं कातड्यात घुसतं. आधी मोटर बंद, प्रेशर शून्य, मगच हात. तेल ६८ नंबरचं.
इथं कऱ्हाडला एक फॅब्रिकेटर बनवून देतो. शनिवारी चिंचेचे दोन ओंडके पिकअपमध्ये टाकून आणा, समोर फोडून बघू.

तात्या, १०:०५
थांबा. चिंच १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आहे. रस्त्यात कुणी अडवलं तर पास मागतील. पडल्यावर पंचनामा केला होता ना?

वहिनी, १०:०६
केलाय, कागद फायलीत आहे. पण वाहतुकीचा पास नाही.

दादा, १०:१०
मग त्यालाच मशीन घेऊन मेढ्याला बोलावतो. जाण्यायेण्याचं भाडं आपण देऊ. प्रेशर गेज लावून आण म्हणतो.

वहिनी, १०:१२
लिव्हर मी ओढून बघणार. कमरेच्या खाली वाकून दिवसभर जमत नाही, टेबल उंच करून देतो का विचारा. जड ओंडक्याला मात्र मशीनच उभं करता आलं पाहिजे, ओंडका उचलणार कोण?

नाना, १०:२०
बुंधा फोडूच नगा. गावातला मटणवाला ठोकळ्याला मागत हुता.

बंटी, १०:२२
ऑफर संपली.

नाना, १०:२४
ओंडका काढून ठेवलाय. गाठीचा. त्येला म्हणावं हा फोड, मग पैसं.